घंटेसकट

जरा डोळे मिटा बरं. मिटले? आता असं समजा, की तुम्ही श्वास आत ओढताय आणि नाकातले केस एकमेकांना चिकटताहेत. पापण्यांवर बर्फाचे दाणे जमलेत. हातात मोज्यांवर मोजे आहेत, तरी बोटं आपलीच की शेजाऱ्याची, ते कळत नाही. समोर समुद्र आहे, पण गोठलेला. पाठीशी डोंगर. मध्ये आँस-ब्लांश नावाचं चिमुकलं गाव, आणि गावाच्या टोकाला एक लाकडी शेड, जिच्या धुराड्यातून सरळ दोरीसारखा धूर वर चाललाय.

चला, आत जाऊ. एवढ्या थंडीत बाहेर उभं राहण्यात काही शहाणपण नाही.

आत शेगडी तापलेली होती. दोन लाकडी घोड्यांवर एक बर्फगाडी पोट उघडं टाकून पडली होती; पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, मध्ये इंजिन. तिच्याशेजारी दहा वर्षांची नोएमी बुजो उभी होती. आजोबांचा मासे तोलायचा काटा तिने छताच्या तुळईला टांगला होता आणि त्याच्या आकड्याला गाडीची बैठक लटकवली होती.

"चार किलो सातशे," ती म्हणाली. "आई, ही काय काम करते?"

"माझं बूड टेकवते," गाडीखालून आईचा आवाज आला.

"पण डोंगर चढताना तू उभीच राहतेस."

मग आईचं, म्हणजे ओदेतचं, तेलकट तोंड बाहेर आलं. "खरंय. मग हलका फोम कापू आणि वर कापड शिवू. लिही."

नोएमीने वहीत लिहिलं. तिच्या वहीत दोनच रकाने होते, 'राहील' आणि 'जाईल'. गाडीचा प्रत्येक तुकडा काट्यावर चढायचा, आणि तो काय काम करतो हे कुणीतरी सांगायचं. सांगता आलं नाही, की तुकडा 'जाईल' मध्ये. लोखंडी बोल्ट गेले, त्यांच्या जागी टायटॅनियमचे आले. धुराची जाड नळी गेली. आरसा गेला. जड बॅटरी जाऊन मुठीएवढी आली. ऑक्टोबरात गाडी दोनशे अठ्ठ्याऐंशी किलो होती. जानेवारीत दोनशे सोळावर आली होती.

आता एवढा खटाटोप कशासाठी, ते सांगतो.

गावामागच्या सगळ्यांत उभ्या डोंगराला लोक 'म्हातारी' म्हणतात. हिवाळ्याच्या मधोमध गावाची जत्रा असते. तेव्हा सगळे आपापल्या बर्फगाड्या म्हातारीच्या पाठीवर चढवून बघतात. एकटी गाडी, एकच दम. कोण वरपर्यंत पोचतं, कोण मध्येच बर्फात रुततं. सगळ्यांच्या गाड्या टू-स्ट्रोक. हे इंजिन हलकं असतं आणि तापट. पेट्रोलबरोबर तेलही जाळतं आणि मागे निळा धूर सोडत जातं. फोर-स्ट्रोक इंजिन आपलं तेल पोटात सांभाळून ठेवतं, आवाजही कमी करतं, पण त्याचं वजन! खोल भुसभुशीत बर्फात वजन म्हणजे गळ्यातला धोंडा.

सहा वर्षांपूर्वी नोएमीचे आजोबा, ओनेसिम बुजो, फोर-स्ट्रोक घेऊन म्हातारीवर गेले होते. सारा जन्म त्यांनी सॅमन माशांच्या नदीवर काढलेला. ते म्हणायचे, "हिवाळ्यात बर्फावर जे सांडतं, ते मे महिन्यात नदीत उतरतं. मी नाही सांडणार." सांडलं नाही काही, पण गाडी पहिल्याच चढावर कमरेपर्यंत रुतली. आठ माणसांनी दोर लावून ओढून काढली.

आणि मग घंटा आली. तशी रीतच आहे गावाची. जो रुततो त्याच्या हँडलला गायीच्या गळ्यातली, गावाची एकुलती एक पितळी घंटा बांधतात. त्या घरची गाडी म्हातारीच्या माथ्यावर पोचेपर्यंत घंटा सोडायची नाही. पोचली, की त्या घराला हक्क मिळतो, रुतलेल्यांपैकी हव्या त्याच्या हँडलला ती बांधायचा. बाकीच्यांकडे घंटा एखादा हिवाळा राहायची. पुढच्या वर्षी कशीबशी गाडी चढवली, की सुटका. बुजोंच्या घरात मात्र ती सहा वर्षं मुक्कामाला होती, कारण टू-स्ट्रोक घ्यायला तिथे कुणी तयार नव्हतं. पाव आणायला गाडी निघाली तरी घंटा वाजायची आणि रस्त्यावरची पोरं हंबरायची, "मूऽऽ!" आजोबांनी जत्रेला जाणं सोडलं होतं.

त्यातच या वर्षी जत्रेच्या समितीने दुकानाच्या दारावर कागद लावला. पुढच्या हिवाळ्यापासून म्हातारीवर फक्त टू-स्ट्रोक गाड्या. जड गाड्या ओढून काढायला माणसं मिळत नाहीत.

म्हणजे हीच शेवटची संधी. या वर्षी चढली नाही, तर घंटा बुजोंच्या घरात कायमची.

कागद वाचून ओदेत घरी आली, टोपी खुंटीला अडकवली आणि बापाला म्हणाली, "बाबा, उद्यापासून शेगडी माझ्याकडे. गाडी उघडते."

"चढणार नाही गं ती," आजोबा म्हणाले. "हलकी केलीस तर ताकद पुरणार नाही. ताकद वाढवलीस तर जड होईल."

"टर्बो लावते."

ऐका हं, टर्बो म्हणजे काय. इंजिनातून धूर जोरात बाहेर पडतो, एरवी फुकट जातो. त्याच्या वाटेत एक पंखा ठेवायचा. धुराने तो फिरला, की त्याच्याच दांड्यावरचा दुसरा पंखा फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त म्हणजे जळण चांगलं, म्हणजे ताकद जास्त. वाया जाणारी फुंकर पुन्हा कामाला जुंपायची, एवढंच.

तर त्या दिवशी शेडमध्ये नोएमीने बैठक उतरवली आणि घंटा काट्याला लावली.

"आठशे ऐंशी ग्रॅम," ती म्हणाली. "काम काहीच नाही. 'जाईल'."

"राहील," आई म्हणाली.

"आई! एका बोल्टचे बारा ग्रॅम वाचवायला तू मला तासभर कानस घासायला लावलंस!"

"लावलं."

"मग ही काय काम करते, सांग."

ओदेत बाहेर आली, हात पुसले. "गावाने बांधलीय ना? मग गावाच्या डोळ्यांदेखत तिच्यासकट वर जाऊ. उद्या कोणी म्हणायला नको, की चोरून सोडली आणि चढली. लिही, 'राहील'."

नोएमीने लिहिलं, पण एवढ्या बारीक अक्षरात, की तिचा राग कागदावर दिसावा.

आता त्या वहीतली एक चूक सांगायला हवी. ती कोणाची, हे तुम्हीच ठरवा.

इंजिन चालतं तेव्हा पिस्टनच्या कडेने थोडी वाफ झिरपून खाली पोटात जाते. ती बाहेर पडावी म्हणून अंगठ्याएवढी जाड एक नळी असते. इंजिनाची श्वासनळीच म्हणा. या नळीवर कारखान्यातून आलेलं जाड फेल्टचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, वेष्टण होतं. नोएमीने ते तोललं. तीनशे चाळीस ग्रॅम!

"आई, हे काय काम करतं?"

"नळी गरम ठेवतं. का कोण जाणे." ओदेतने वेष्टणाशिवायच इंजिन सुरू केलं. तासभर चालवलं. काही फरक नाही. "जाऊ दे," ती म्हणाली. नोएमीने 'जाईल' मध्ये लिहिलं आणि फेल्ट शेगडीत टाकलं.

शेगडी, लक्षात ठेवा. तापलेली शेड, बाजूला लाल झालेली शेगडी, आणि तिथे बसून त्यांनी थंडीत लागणाऱ्या वस्तूची परीक्षा घेतली.

जत्रेच्या तीन दिवस आधी ओदेतने गाडी गोठलेल्या समुद्रावर काढली. उणे एकोणतीस. अर्धं गाव किनाऱ्यावर जमलं, त्यात कोंराद सीर सर्वांत पुढे. कोंराद पाच वेळा म्हातारीचा माथा गाठलेला, आणि शाळेत ओदेतच्या मागच्या बाकावर बसणारा.

"अगं ओदेत," तो ओरडला, "चारा घातलास का हिला?"

"तुझ्या डोक्यातला भुसा मागणार होते," ओदेत म्हणाली, "पण तो तुला पुरत नाही."

लोक हसले. गाडी निघाली आणि हसणं बंद झालं. पांढऱ्या सपाटीवरून ती अशी गेली, की मागे उडालेला बर्फ खाली बसायच्या आत ती खाडीच्या पलीकडच्या टोकाला होती. नोएमी दोन्ही पायांवर उड्या मारत होती. गाडी वळली, परत येऊ लागली, आणि मध्येच "फट्ट!"

गाडीच्या पोटातून काळं तेल उसळलं. पांढऱ्या बर्फावर वीस पावलं लांब काळा ओघळ. ओदेतने झटकन इंजिन बंद केलं.

"गाय व्याली रे!" कोंराद ओरडला, आणि किनारा हंबरला.

खोऱ्याने ओदेतने काळा बर्फ बादल्यांत भरला, शेवटच्या थेंबापर्यंत, मग गाडी दोरीने ओढत घरी आणली. नोएमी मागून चालत होती. शेडमध्ये आल्यावर ती गाडीपुढे उकिडवी बसली. प्रत्येक तुकड्याला तिने हात लावलेला होता, म्हणून प्रत्येक तुकड्याला पुन्हा हात लावत गेली. श्वासनळीच्या तोंडात करंगळी घातली. आत काहीतरी कडक लागलं.

"आई," ती म्हणाली. "इथे बर्फ आहे. बूच बसल्यासारखा."

ओदेतने वाकून पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. इंजिनाच्या श्वासात ओल असते, जशी तुमच्या-माझ्या श्वासात. उघड्या नळीत ती ओल गोठली, थरावर थर बसत गेला आणि नळी बंद झाली. आत कोंडलेली हवा वाट शोधू लागली. जिथे फिरता दांडा इंजिनाबाहेर येतो तिथे तेल अडवणारी रबराची कडी असते, ऑइल सील. हवेने तीच फोडली.

"मी जाळलं ते फेल्ट," नोएमी म्हणाली. "मीच लिहिलं, 'जाईल'."

"'जाऊ दे' कोण म्हणालं?"

"तू."

"मग अर्धी चूक इकडे दे. एकटीने ओढू नकोस, दोनशे सोळा किलोचं प्रकरण आहे."

नवी सील ओदेतच्या कपाटात होती. ती बसवायला दीड दिवस गेला. नळी तिने आखूड केली, इंजिनाच्या गरम अंगालगत वळवून घेतली. पण वर गुंडाळायला काय? गोधडीतला कापूस ओल धरेल. फोम वितळेल. दोघी माय-लेकी घरभर हिंडल्या.

आजोबा स्वयंपाकघरात वाटाण्याचं सूप ढवळत होते. खरं तर केव्हाचे तेच ते ढवळत होते. शेवटी चमचा ठेवून ते आतल्या खोलीत गेले आणि हातात पट्टा घेऊन आले. बाणांच्या नक्षीचा, बोटांनी विणलेला लोकरी कमरपट्टा. त्या भागातली माणसं जत्रेला कोटावर बांधतात तो. लाल, निळा, पिवळा. सहा वर्षं पेटीत पडून होता.

"लोकर आहे," आजोबा म्हणाले. "सहसा पेटत नाही, ओली झाली तरी ऊब सोडत नाही. टर्बोपासून चार बोटं लांब ठेवा म्हणजे झालं."

"बाबा, हा तुमचा जत्रेचा..."

"मी कुठे जत्रेला जातोय?"

नोएमीने पट्टा घेतला आणि आधी काट्याला लावला. चारशे दहा ग्रॅम. फेल्टपेक्षा सत्तर जास्त. तिने आजोबांकडे पाहिलं, वही उघडली आणि ठळक अक्षरांत लिहिलं, 'राहील'.

मग म्हणाली, "आजोबा, तुमचा पट्टा जत्रेला चाललाय. कोट मोकळाच घालून या."

"वारा शिरेल की."

"सुतळी बांधा."

आणि खरंच, जत्रेच्या दिवशी ओनेसिम बुजो कोटावर मासेमारीची जाड सुतळी बांधून म्हातारीच्या पायथ्याशी उभे होते. कोणी हसलं नाही असं नाही. आजोबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की हसणाऱ्यांना आपापली टोपी सारखी करावीशी वाटली.

उणे एकतीस. त्या वर्षी बर्फ पिठासारखा, पायाखाली धरच नाही. सकाळपासून अकरा गाड्या गेल्या, अकराही रुतल्या. कोंराद सर्वांत वर पोचला, शेवटच्या चढाच्या तोंडाशी, आणि तिथे त्याची गाडी मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या घोड्यासारखी उसळून आडवी झाली. तिला ओढून आणून तो पायथ्याशी कॉफी पीत उभा होता.

"या वर्षी म्हातारी कुणालाच पाठ देत नाही," तो म्हणाला. "ओदेत, राहू दे गं. आम्हालाच तुला ओढायला यावं लागेल."

"दोर जवळ ठेव," ओदेत म्हणाली. "पुढच्या वर्षी तुलाच लागेल."

इंजिन सुरू झालं. नोएमीने शेवटचं एकदा वाकून पाहिलं. पट्ट्याच्या गाठी घट्ट होत्या. ती बाजूला झाली आणि गाडी सुटली.

जिथे आजोबा रुतले होते त्या पहिल्या चढाला गाडी लागली, तशी आजोबांनी सुतळी मुठीत धरली. गाडी तिथून गेली तेव्हा ते मोठ्याने "हं" एवढंच म्हणाले. मग गाडी बर्फाच्या धुरळ्यात शिरली आणि दिसेनाशी झाली.

पण ऐकू येत होती. फोर-स्ट्रोकचा आवाज मुळातच दबका, आणि वर गेला तसा तो वाऱ्यात विरला. घंटा मात्र वाजत होती. टण-टण-टण-टण, भराभर. पायथ्याशी दोनशे माणसं माना वर करून ती घंटा ऐकत होती. जिने सहा वर्षं चेष्टा केली, तीच आता सांगत होती गाडी कुठे आहे ते.

टण-टण. टण. टण...

थांबली.

नळी? पट्टा सुटला? पुन्हा सील? नोएमीने बर्फावर काळा ओघळ शोधला. वर फक्त पांढरं.

"रुतली," कोणीतरी म्हणालं. कोंरादने कॉफी खाली ठेवली आणि खरोखरच दोराला हात घातला.

"दोर ठेव खाली," आजोबा म्हणाले.

आणि वरून, अगदी माथ्यावरून, घंटा वाजली. गाडीच्या धक्क्याने वाजते तशी नव्हे. सावकाश, एकेक ठोका सुटा. हाताने हलवलेली. टण. टण. टण.

त्यानंतर जो ओरडा झाला तो गोठलेल्या समुद्रावर पार पलीकडे गेला असेल. नोएमी ओरडली नाही. ती आजोबांच्या कोटात तोंड खुपसून रडली, आणि सुतळीला माशांचा वास येत होता.

ओदेत खाली आली. भुवया पांढऱ्या, गाल लाल. आजोबांनी आधी वाकून नळी पाहिली, मोजा काढून पट्ट्याला हात लावला. "गरम आहे," ते म्हणाले.

समितीचे अध्यक्ष, बेकरीवाले म्हातारे लाफ्लाम, पुढे आले. रीतीप्रमाणे त्यांनी चाकूने घंटेची चामडी वादी कापली आणि घंटा ओदेतच्या हातात दिली. "बांध ज्याला बांधायची त्याला."

"कोंराद! कोंराद!" लोक ओरडू लागले. तीन दिवसांपूर्वी जे हंबरले होते तेच आज कोंरादकडे बोट करून हंबरत होते. कोंरादने गाडीचं हँडल पुढे केलं. कान लाल झाले होते, आणि ते काही थंडीने नव्हते. "बांध," तो म्हणाला. "माझं तोंड होतंच तसं."

ओदेतने घंटा नोएमीकडे दिली. "हिचं वजन तू वाहिलंस वहीत. तूच ठरव."

नोएमीने लाफ्लामकडे पाहिलं. "आणि तो दुकानावरचा कागद? पुढच्या वर्षी फोर-स्ट्रोक नाही म्हणणारा?"

लाफ्लामनी नाक पुसलं. "बाळा, ते समितीने ठरवलंय. एक गाडी चढली म्हणून कागद लगेच फाडत नाहीत. बघू."

"बघू?"

"बघू म्हणजे... बघू."

नोएमी कोंरादच्या गाडीपाशी गेली. लोक टाळ्या वाजवू लागले. ती क्षणभर तिथे थांबली, हातात आठशे ऐंशी ग्रॅम पितळ घेऊन. मग कोंरादच्या हँडलला ती घंटा न बांधताच ती तशीच पुढे गेली, आजोबांचे बर्फात चालायचे जाळीचे बूट उचलले आणि बसून पायांना बांधायला लागली.

"कुठे निघालीस?" आईने विचारलं.

"वर. माथ्यावर ते खुरटं स्प्रूसचं झाड आहे ना, त्याला बांधून येते ही." ती उठली आणि लाफ्लामना म्हणाली, "आम्हाला नको म्हणायचं असेल, तर आधी आपल्या गाडीवरून वर या आणि घंटा काढून आणा. मग कागद लावा."

आधी कोंराद हसला. मग आजोबा.

"वाद्या घट्ट ओढ, पोरी," आजोबा म्हणाले. "आणि आईच्या गाडीच्या चाकोरीतूनच जा, तिथे बर्फ दबलाय."

नोएमीने वाद्या घट्ट ओढल्या, घंटा गळ्यात अडकवली आणि म्हातारीच्या पाठीवर चढायला लागली. प्रत्येक पावलाला घंटा वाजत होती.